गावठी पिल्लावरचा खोटा आरोप

गावठी कुत्रे शिकत नाही, या समजुतीला मराठीत म्हणीचाच टेकू आहे: कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्याचे शेपूट पाठीवर वळलेले असते आणि ते नळीने सरळ होत नाही, हे खरेच. ती जन्मजात ठेवण आहे. पण शेपटीवरून स्वभावाचा निकाल लावण्याची सवय फार मुरली आहे. रस्त्यावरून वाचवलेले पिल्लू दत्तक घ्यायचे म्हटले की नातेवाईक, शेजारी, सोसायटीचे पदाधिकारी सगळे एकच सांगतात. ही जात घरात राहत नाही. मोठी झाली की चावते. दार उघडे दिसले की पळते. पाळायचेच असेल तर लॅब्रॅडॉर घ्या.

हा सल्ला चुकीचा आहे आणि निरुपद्रवीही नाही. ज्यांना तो पटतो ते पिल्लू घेत नाहीत, एवढ्यावर गोष्ट थांबत नाही. दयेपोटी जे घेतात त्यांच्याही मनात तो घर करून असतो. शिकणारच नसेल तर शिकवायचे कशाला, असे म्हणून पहिले सहा महिने वाया जातात. मग आठ-दहा महिन्यांचे, अंगाने भरलेले कुत्रे पाहुण्यांवर उड्या मारू लागते, दोरीला हिसके देते, तोंडातली वस्तू काढायला गेले तर गुरगुरते. दोष त्याच्या रक्तावर जातो. शिकवलेच नाही त्याचा परिणाम हाच शिकत नसल्याचा पुरावा ठरतो, आणि पुढच्या पिल्लाची वाट त्याच पुराव्याने बंद होते.

‘गावठी’ म्हणजे बिघडलेल्या जातींची सरमिसळ, ही कल्पना आधी दूर करायला हवी. कुत्रा माणसाच्या सोबतीला किमान पंधरा हजार वर्षे आहे. आज ज्यांना जातिवंत म्हणतात त्यांतल्या बहुतेकांचे ठरीव रूप एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः ब्रिटनमध्ये पक्के झाले. लंडनचा केनेल क्लब १८७३ सालचा आहे. गावकुसाचे कुत्रे वंशावळीच्या कागदापेक्षा कितीतरी जुने. त्याची पैदास कोणी ठरवून केली नाही, पण माणसाच्या उकिरड्यावर आणि ओट्यावर जगायचे तर माणूस ओळखता आला पाहिजे, ही अट त्याला पिढ्यान्‌पिढ्या होती. चहाच्या टपरीखाली झोपणाऱ्या कुत्र्याला बिस्किट देणारा कोण आणि लाथ घालणारा कोण, हे चालीवरूनच कळते.

या अनुभवाला प्रयोगाचाही आधार आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी कुत्र्यापुढे दोन झाकलेली भांडी ठेवली गेली आणि अनोळखी माणसाने त्यांतल्या एकाकडे हाताने खूण केली. ही कुत्री कोणी पाळलेली नव्हती, कोणी शिकवलेली नव्हती. जी जवळ आली त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी खूण केलेलेच भांडे गाठले. या निष्कर्षाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. जवळपास निम्मी कुत्री भांड्यांपर्यंत आलीच नाहीत, आणि न येणारी कुत्री अधिक घाबरलेली होती. वाचवलेल्या पिल्लाविषयी जे काही समजून घ्यायचे ते बहुतेक सगळे या एका विभागणीत आहे. अडचण अकलेची नाही, भीतीची आहे.

रस्त्यावरची कुत्री अवघड कामे शिकली, याचीही उदाहरणे आहेत. पश्चिम बंगाल पोलिसांच्या बराकपूरच्या प्रशिक्षण केंद्रात ‘आशा’ आणि उत्तराखंड पोलिसांच्या श्वानपथकात ‘ठेंगा’ ही कुत्री रस्त्यावरूनच आली. १९५७ साली अंतराळात गेलेली लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची होती. थंडी आणि उपासमार काढलेली कुत्री जास्त तग धरतील, असा सोव्हिएत शास्त्रज्ञांचा हिशोब होता. लहान होत जाणाऱ्या पेटीत दिवसच्या दिवस शांत बसण्याचा सराव तिने आणि तिच्याबरोबरच्या कुत्र्यांनी केला. तिला परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. ते क्रौर्यच होते. पण रस्त्यावरच्या कुत्रीला संयम शिकता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना तिची आठवण करून देणे भाग आहे.

लॅब्रॅडॉर लवकर शिकतो, हे म्हणणे मात्र पूर्ण खोटे नाही. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी उचलून हातात आणून देणे, या कामासाठी त्याची पैदास झाली. माणसाच्या हाताशी राहण्याची ओढ त्याला जन्मतः असते आणि खाण्याचा हव्यासही. गावठी पिल्लू सावध असते. नवीन वस्तूला आधी लांबून वळसा घालते, वास घेते, मागे सरते. शिकवणाऱ्याला त्याच्यासाठी थोडा जास्त धीर आणि जरा बरा खाऊ लागतो, इतकाच फरक. शिवाय न शिकवलेला लॅब्रॅडॉर गॅलरीत बांधलेला, दिवसभर भुंकत असतोच. पैसे मोजून विकत घेतला म्हणून तो आपोआप शहाणा होत नाही.

आता ज्या आक्षेपात खरोखर तथ्य आहे त्याकडे वळले पाहिजे. काही वाचवलेली कुत्री आयुष्यभर बुजरी राहतात, माणसे पाहून कोपऱ्यात जातात, भीतीपोटी चावतात. याचे कारण पिल्लाच्या वयात आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर येथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षे पिल्ले वाढवून निरीक्षणे केली. त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये आले. जन्मानंतरच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेते, असे त्यांनी दाखवले. या काळात जे भेटते ते त्याला आपले वाटते. नंतर भेटते त्याची आधी भीती वाटते. १९६१ मधल्या एका संबंधित प्रयोगात काही पिल्ले कुंपणाच्या आत, माणसाच्या सहवासाविना चौदा आठवडे वाढवली गेली. ती पुढे रानटी जनावरासारखी वागली, त्यांना हात लावणेही कठीण झाले. ती कोणत्याही गावठी कुत्रीची पिल्ले नव्हती. जातिवंत पिल्लाचेही असे होऊ शकते, हे त्यातून सिद्ध होते.

रस्त्यावरच्या पिल्लाचे हे आठवडे कसे जातात? हातगाडीखाली, गटाराच्या कडेला, वाहनांच्या चाकांमध्ये. भद्रा यांच्याच गटाने पश्चिम बंगालमध्ये ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवले, तेव्हा प्रौढ वयापर्यंत १९ टक्केच जगली. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मृत्यूला माणूस कारणीभूत होता. जे पिल्लू दत्तक घरी येते ते या उरलेल्यांतले. माणसाच्या हाताचा त्याचा पहिला अनुभव बिस्किटाचा असेल किंवा दगडाचाही असेल. भारतातल्या कोणत्याही रस्त्यावर माणूस नुसता खाली वाकला तरी कुत्री पळतात, कारण वाकणारा दगड उचलतो हे त्यांना ठाऊक असते. असे पिल्लू घरात आले आणि कोणी बुटाची नाडी बांधायला वाकले की ते सोफ्याखाली जाते. घरच्यांना ते वेडसर वाटते. खरे तर ते नीट शिकलेले असते. जे शिकले ते पुसून त्यावर दुसरे शिकवायचे, हे घरच्यांचे काम.

म्हणून वय हा कळीचा प्रश्न आहे, आणि इथेच एक सद्हेतूने दिलेला सल्ला मोठे नुकसान करतो: लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जवळपास चार महिन्यांचे होईपर्यंत, पिल्लाला घराबाहेर काढू नका. त्यामागची काळजी रास्त आहे. पार्व्हो या आजाराने पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते आणि त्याचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतात. पण लसींचे वेळापत्रक पुरे होईस्तोवर जगाशी ओळखीची खिडकी बंद झालेली असते. पशुवैद्यांच्या अमेरिकेतल्या वर्तनविषयक संस्थेने २००८ मध्येच भूमिका घेतली की पहिली लस टोचून सात दिवस झाल्यावर, सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाची बाहेरच्या जगाशी जपून ओळख सुरू करावी. वर्तनाच्या दोषांमुळे जाणारे जीवही थोडे नसतात.

जपून म्हणजे काय, हे प्रत्यक्षात फार सोपे आहे. पिल्लाला खाली सोडायचे नाही, कडेवर घ्यायचे. संध्याकाळी इमारतीच्या पायरीवर किंवा फाटकाजवळच्या बाकावर मांडीत घेऊन वीस मिनिटे बसायचे. रिक्षा जाते. भाजीवाला ओरडतो. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी होते. हेल्मेट घातलेला माणूस येतो, काठी टेकत आजोबा येतात, छत्री फटकन उघडते, गणवेशातली मुले कलकलाट करत जातात. दर वेळी, ती गोष्ट दिसली किंवा ऐकू आली की लगेच, उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा. पिल्लाने तो खाल्ला तर सगळे ठीक आहे. तोंड फिरवले, कान मागे पडले, अंग आक्रसले तर आपण फार जवळ आलो आहोत. उठून दहा पावले मागे जायचे. घाबरलेले पिल्लू खात नाही, हा मोजमापाचा सर्वांत भरवशाचा काटा आहे. त्याला दुर्लक्षून “होईल सवय” म्हणत पिल्लाला गर्दीत धरून ठेवणारे सवय लावत नाहीत, भीती पक्की करतात. दिवाळीच्या फटाक्यांत मुद्दाम बाहेर नेणे हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार.

उशिरा, पाच-सहा महिन्यांचे पिल्लू आणले तर सगळे संपले असे नाही. काम लांबते, आठवड्यांचे महिने होतात, आणि काही भीती थोडी उरते. दत्तक देणाऱ्यांनी हे घेणाऱ्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. गोंडस फोटो दाखवून पिल्लू हातात ठेवणे म्हणजे वाचवणे नव्हे.

दुसरा मोठा गैरसमज माराचा. कुत्र्याला घरात मालक कोण हे दाखवावे लागते, नाहीतर ते डोक्यावर बसते, असे सांगणारे आजही गल्लोगल्ली आहेत आणि पैसे घेऊन शिकवणाऱ्यांतही आहेत. या मताचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये पोलिसी आणि लष्करी कुत्र्यांसाठी सक्तीवर आधारलेली पद्धत पुस्तकात मांडली. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिले. ते कोंडलेले प्राणी एकमेकांवर वर्चस्व गाजवताना दिसले. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या लांडग्यांवरील ग्रंथातून कळपाचा ‘अल्फा’, म्हणजे म्होरक्या, ही कल्पना सर्वतोमुखी झाली. पुढे मीच यांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षे पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःचेच म्हणणे दुरुस्त केले: रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले, म्हणजे कुटुंब. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणारे अजून तिचेच नाव घेतात. मुळात लांडग्यावरून कुत्र्याविषयी अनुमान काढणेच लंगडे होते. पंधरा हजार वर्षे मध्ये गेली आहेत.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिसके, ओरडणे आणि दाब वापरणाऱ्या वर्गांतली कुत्री शिकवणीच्या वेळी जास्त ताणात आढळली. त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक शिकवणीनंतर वाढलेले होते. वाचवलेल्या पिल्लाच्या बाबतीत तर मार दुप्पट घातक ठरतो. उगारलेला हात त्याने आधीच पाहिला आहे. गुरगुरण्याबद्दल ज्याला चापट बसते ते कुत्रे भिणे सोडत नाही, फक्त गुरगुरणे सोडते. आणि पुढच्या वेळी कसलीही सूचना न देता चावते. “एकदम चावले हो, काहीच केले नव्हते,” असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याची सूचना बहुतेक वेळा कोणीतरी आधीच मारून बंद केलेली असते.

घरात शू केली की त्यात नाक घासायचे, ही पद्धतही तशीच. पिल्लाला जागेचा संबंध कळत नाही. माणसासमोर शू केली की माणूस चिडतो, एवढे कळते. मग ते बाहेर नेले तरी अडून राहते आणि घरी येऊन पलंगामागे मोकळे होते. उपाय कंटाळवाणा पण नक्की लागू पडणारा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दोन तासांपेक्षा जास्त धरवत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यायचे, ते मोकळे होईपर्यंत गुपचूप उभे राहायचे आणि झाले की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. वर घरात येऊन दिला तर तो घरात आल्याचा खाऊ होतो. चुकून घरात झाले तर पुसून टाकायचे, बोलायचे नाही. रात्री एकदा उठावे लागते. ते कोण उठणार, हे आधी ठरवावे.

चपलांचेही तेच. चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात, आणि चामड्याला घरच्यांच्या पायांचा वास असतो. चप्पल तोंडात धरलेल्या पिल्लामागे सगळे घर धावले की त्याला तो दिवसातला सर्वांत मजेचा खेळ वाटतो. धावायचे नाही. खाली बसून नाकाशी खाऊ धरायचा. तोंड उघडले, चप्पल पडली, त्याच क्षणी “सोड” म्हणायचे आणि खाऊ द्यायचा. पुढच्या वेळी तेच चघळायचे खेळणे देऊन. आठवड्याभरात शब्द ऐकून तोंड उघडते. ज्याला सोडल्यावर काहीतरी मिळते ते वस्तू राखत बसत नाही. ज्याच्या जबड्यात बोटे घालून वस्तू ओढून काढली जाते ते राखायला शिकते. हाडावरून घरातल्या मुलाला चावणारी कुत्री अशी तयार होतात.

शब्द मराठी असोत की इंग्रजी, फरक पडत नाही. घरभर एकच असला पाहिजे. आजोबा “बस” म्हणतात, मुलगा “सिट” म्हणतो, आई “खाली बस ना रे बाळा” म्हणते. पिल्लाला तीन वेगळे आवाज ऐकू येतात आणि एकाचाही पक्का अर्थ लागत नाही. या घरात पिल्लू हट्टी ठरते.

प्राणिप्रेमींमधून येणारा एक आक्षेप माराच्या समजुतीच्या नेमका उलट आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला जातो म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कुत्र्याला शिकवणे म्हणजे त्याला गुलाम करणे, त्याला मोकळे, नैसर्गिक राहू द्यावे, प्रेम पुरेसे आहे, असे हे म्हणणे. प्रेमाशिवाय काही होत नाही, हे निर्विवाद. कोलकात्याच्या भद्रा यांच्या गटाच्या २०१७ मधल्या अभ्यासातही असे दिसले की अनोळखी माणसावर विश्वास बसण्यासाठी रस्त्यावरच्या कुत्र्यांना पुन्हापुन्हा दिलेल्या खाऊपेक्षा डोक्यावरून फिरलेला हात जास्त उपयोगी पडला. पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला नैसर्गिक राहता येत नाही. त्याच्या जिन्यावर म्हातारी माणसे आहेत, खाली वाहने आहेत, पशुवैद्याकडे सुई आहे. हाक मारल्यावर येणारे कुत्रे मैदानात मोकळे सोडता येते. न येणारे सोडता येत नाही, म्हणून ते बांधले जाते. बंगल्याच्या मागच्या अंगणात आंब्याच्या बुंध्याला दोन हात साखळीने दिवसरात्र बांधलेली कुत्री महाराष्ट्रात कुठेही दिसतात, आणि त्यांतली पुष्कळशी लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेली असतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधून ठेवणे आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे, दोन्ही क्रूरतेत मोडतात. शिकवण्यानेच कुत्र्याची साखळी सुटते.

या सगळ्या प्रयत्नांनंतर एक टप्पा येतो आणि तिथेच पुष्कळ घरे हात टेकतात. आठव्या महिन्याच्या आसपास, काल बोलावल्यावर येणारे कुत्रे आज ऐकत नाही. ब्रिटनमध्ये अंधांच्या मदतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांवरच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की या वयात कुत्रे अनोळखी माणसाचे ऐकते पण सांभाळणाऱ्याचेच ऐकत नाही, आणि पुढे ते आपोआप निवळते. ती निवडून पैदास केलेली, उत्तम वाढवलेली कुत्री होती. तेच वय गावठी कुत्र्याला आले की मात्र “रक्त दाखवतेच” असे म्हटले जाते आणि परत देण्याची, कधी लांबच्या रस्त्यावर सोडून येण्याची भाषा सुरू होते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे दुसऱ्या टोळ्यांच्या हद्दीत, अन्न शोधण्याची कला न शिकलेल्या जिवाला टाकणे. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे त्याच कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या हलक्या दंडाने कोणाला रोखले जाईल, अशी अपेक्षा करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटके कुत्रे दत्तक घेण्याची मुभा दिली आणि सोबत अट घातली: दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. ही अट पाळण्याचा रस्ता दाराच्या कड्यांतून जात नाही; पहिल्या सहा महिन्यांच्या रोजच्या शिकवणीतून जातो. गावठी कुत्रे बारा-चौदा वर्षे सहज जगते. तेव्हा पिल्लू आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बसावे. रात्री कोण उठणार, सकाळी आणि संध्याकाळी कोण फिरवणार, पाच-पाच मिनिटांची शिकवणी दिवसातून तीनदा कोण घेणार, “बस” म्हणायचे की “सिट”, गावाला जाताना ते कोणाकडे राहणार, हे नावानिशी ठरवावे. ठरले तर वंशावळ न विचारता पिल्लू आणावे. ठरत नसेल तर आणू नये. त्याच्या दोन वेळच्या अन्नाला, लसीला आणि नसबंदीला हातभार लावावा, आणि दत्तक दुसऱ्याला घेऊ द्यावे.